पत्रिकेत ‘लग्नच चुकीचं काढलं’ या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. नोकरीत तुम्हाला जो मनस्ताप झाला त्याचं मनापासून वाईट वाटतं. आमच्याकडून फोनला उत्तर मिळायला उशीर झाला, त्याबद्दलही दिलगीर आहे.

तुमची तक्रार थोडक्यात अशी: पत्रिकेत दशमात म्हणजे दहाव्या घरात बुधादित्य योग (रवि-बुध एकत्र) आहे, नाव होईल असं मी म्हणालो, प्रत्यक्षात साहेबांशी वाजलं, तुमच्यावर ठपका आला. मग दुसऱ्या गुरुजींनी हॉस्पिटलचा कागद बघून सांगितलं की मी लग्नच, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, चुकीचं काढलंय. म्हणून एक तारा, आणि ‘अभ्यास नाही’ हा शेरा.

बाकी सगळं मी ऐकून घेईन, पण या शेवटच्या वाक्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. पत्रिकेचा फोटो तुम्हीच इथे टाकला आहे, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो. हॉस्पिटलच्या त्या कागदावर जन्मवेळ दुपारी २:२० आहे. मला दिलेली वेळ २:०० होती. फॉर्मवर तुमच्याच अक्षरात ‘दु. २’ आहे, आणि नक्की आहे का असं विचारल्यावर तुमचा आवाजी निरोप आला, ‘बहुतेक दोनच, आईला विचारून कळवते.’ तो निरोप अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यानंतर काहीच कळवलं नाहीत.

वीस मिनिटांनी काय बिघडतं, असं वाटेल. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश पुढे सरकतं, म्हणजे वीस मिनिटांत पाच अंश. दोन वाजता तुमचं कर्क लग्न आहे, पण सत्तावीस अंश ओलांडलेलं, राशीच्या अगदी टोकाला. २:२० ला ते सिंहेत जातं. मी दोनदा विचारलं ते याच कारणासाठी. ग्रह आपापल्या राशीत जागेवर असतात, पण लग्न बदललं की बाराच्या बारा घरं सरकतात. दशेच्या, म्हणजे कुठल्या ग्रहाचा काळ कधी चालू त्याच्या, तारखा मात्र फार हलत नाहीत, वीस मिनिटांनी फार तर काही महिने इकडेतिकडे. त्यामुळे ‘दशा बरोबर सांगितली, फळ चुकलं’ असं जे तुम्ही लिहिलंय, ते का झालं हेही यातच आलं.

आता युतींचं बघा. तुमच्या मेषेत रवि-बुध आहेत. कर्क लग्नाला मेष दहावी, म्हणजे कर्मस्थान. तिथे रवि उच्चीचा, म्हणजे आपल्या सर्वात बलवान राशीत, आणि वर दिग्बली, म्हणजे त्या घराच्या दिशेचंही बळ मिळालेला. करिअर आणि लोकांत नाव यासाठी याहून चांगली जागा कुठली? सिंह लग्नाला हीच युती नवव्या घरात, भाग्यस्थानात जाते. आणि वृषभेत शनि-मंगळ आहेत. कर्केला ते अकरावं, लाभस्थान, जिथे पापग्रह चांगले मानले आहेत. सिंहेला तेच दहावं घर होतं आणि शनी षष्ठेश, म्हणजे सहाव्या घराचा मालक, ठरतो. षष्ठेश शनी मंगळाबरोबर कर्मस्थानात म्हणजे वरिष्ठांशी खटके, दुसऱ्याचा दोष आपल्या माथी. तुमच्या ऑफिसात जे झालं ते अक्षरशः हेच. २:२० ही वेळ माझ्यापुढे असती तर पहिल्या बैठकीतच मी सावध केलं असतं.

बुधादित्यावर मी भरवसा ठेवायला लावला, हेही मला मान्य नाही. बुध रवीपासून २८ अंशांपेक्षा लांब कधी जातच नाही, त्यामुळे ही युती पुष्कळांच्या पत्रिकेत सापडते. शिवाय तुमचा बुध रवीच्या चौदा अंशांच्या आत, म्हणजे अस्तंगत, रवीच्या तेजात झाकलेला. ‘काम तुम्ही कराल, श्रेय मिळायला वेळ लागेल’ हे माझे शब्द होते. रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, शांतपणे ऐका. ‘वर्षाच्या आत बढती’ असं मी कुणालाच सांगत नाही. युती जन्मभर पत्रिकेत असते, फळ तिच्या ग्रहांच्या दशा-अंतर्दशेत (दशेतल्या पोटकाळात) येतं, आणि तुमची रवि किंवा बुध यातल्या एकाचीही दशा सध्या चालू नाही.

ताई, रागात माणूस लिहून जातो, ते मी समजू शकतो. पण हे काम वडिलांनंतर मी सांभाळतोय आणि घर याच्यावरच चालतं. नवीन माणूस आधी तारे बघतो, मग फोन करतो. ‘अभ्यास नाही’ हे वाचून दोन ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. पत्रिका मी सॉफ्टवेअरवर काढून तशीच हातात देत नाही, प्रत्येक लग्न पंचांगावरून हाताने पडताळतो. दुसऱ्या गुरुजींबद्दल मला आदरच आहे, त्यांनी बरोबर कागद बघितला. तो मला दाखवला असतात तर मीही सिंहच काढलं असतं.

जन्मवेळेची खात्री नसेल तर पुढे काय करायचं, याबद्दल आम्ही फॉर्ममध्ये काहीतरी सुधारणा करतो आहोत. फोनचंही बघतो.

तुमची पत्रिका २:२० धरून मी नव्याने मांडली आहे, त्याचे पैसे नकोत. त्यात चांगलंही खूप आहे. लग्नेश (लग्नराशीचा मालक) रवि भाग्यात उच्चीचा, सोबत धनेश-लाभेश, म्हणजे धन आणि लाभ या घरांचा मालक, बुध. शनि-मंगळाने दिलेला ठपका या पत्रिकेवर कायमचा राहणारा नाही, आणि कुठल्या अंतर्दशेपासून तो फिका पडायला लागतो ते समोर बसून दाखवायची माझी तयारी आहे. येताना हॉस्पिटलचा मूळ कागद आणा, फोटोत मिनिटांचा आकडा थोडा पुसट दिसतो. संध्याकाळी सहानंतर फोन केलात तर मीच उचलतो.