हार्ड डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याच्या सल्ल्याविषयी

बिघडलेली हार्ड डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावी, सकाळी ती थोडा वेळ चालते आणि तेवढ्यात डेटा उतरवून घेता येतो, असा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे. त्याच्या समर्थनार्थ तीन गोष्टी सांगितल्या जातात.

पहिली अशी की, हा उपाय अनेकांना लागू पडला आहे. जुन्या डिस्कांबाबत हे अशक्य नव्हते. डिस्क थांबली की त्यांतले हेड, म्हणजे डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, डेटा साठवणाऱ्या फिरत्या तबकडीवर थेट टेके आणि कधी तिथेच चिकटून बसे. थंडीने भाग आकसले की ती पकड सुटण्याची शक्यता असे. आजच्या बहुतेक डिस्कांत हेड तबकडीबाहेरच्या उतरणीवर विसावते, आणि मोटरच्या बेअरिंगमधले तेल थंडीने घट्ट होऊन मोटर फिरणे उलट अवघड होते.

दुसरी, पिशवीमुळे ओल शिरत नाही. परंतु पिशवीतली हवा मुळात कोरडी नसते, आणि केबल जोडण्यासाठी पिशवी उघडताच बाहेरची दमट हवा उणे १८ अंशांपर्यंत गारठलेल्या धातूला भिडते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर दव धरायला क्षणही लागत नाही. हीलियम भरलेल्या डिस्का वगळता बहुतेकींच्या कवचाला दाब सारखा राखणारे छिद्र असते आणि त्यावरची गाळणी धूळ अडवते, बाष्प नव्हे. मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरून हेड अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून जाते. तेवढ्या फटीत दवाचा सूक्ष्म थेंबही अडथळा ठरतो आणि हेड आदळून डेटा धरून ठेवणारा चुंबकीय थर खरवडला जाऊ शकतो.

तिसरी, ‘नाहीतरी आता गमावण्यासारखे काही उरलेले नाही’. सर्वांत घातक समज हाच आहे. डिस्क बंद पडली म्हणजे डेटा नष्ट झाला असे नव्हे. अनेकदा हेड किंवा सर्किट बोर्ड निकामी झालेला असतो, तबकडी शाबूत असते, आणि धूळमुक्त कक्षात त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवून ती वाचता येते. खरवडून गेलेला थर मात्र कोणत्याही तज्ज्ञाला परत आणता येत नाही. लग्नाचे फोटो किंवा प्रबंधाची एकुलती एक प्रत ज्या डिस्कवर आहे, तिच्यावर असा जुगार खेळायला सांगणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

डिस्क टकटक आवाज करत असेल, तर वीज ताबडतोब तोडावी आणि ती पुन्हा सुरू करून पाहू नये. ती आवाज न करता, पण अडखळत वाचली जात असेल, तर जीएनयू डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रामने तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. हे साधन सहज वाचता येणारे भाग आधी उतरवते, खराब भागांकडे नंतर वळते आणि कुठवर वाचून झाले याची नोंद फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी वाचलेला भाग पुन्हा वाचावा लागत नाही. दुरुस्तीचे सर्व प्रयत्न त्या प्रतीवरच करावेत. विंडोजमधल्या चेकडिस्कसारखी साधने दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितात, म्हणून ती मूळ डिस्कवर चालवू नयेत.