एका खांबाला किती पाट्या लावाल?

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडनं क्रांती चौकातून सिडकोकडं निघा आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवा, बरं! एकाच खांबाला ‘नो पार्किंग’, त्याच्याखाली ‘पार्किंग’चा बाण, बाजूला तारेनं बांधलेलं, गंजलेलं ‘सावकाश चला’, आणि सगळ्यांच्या डोक्यावर कुण्या भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. भाऊ तेवढे झकास दिसतात. वेगमर्यादेचा आकडा मात्र त्यांच्या फेट्यामागं! लग्नपत्रिकेवरसुद्धा एवढी गर्दी नसते हो.

लाल गोलात मनाई, लाल त्रिकोणात धोका, निळ्या चौकोनात माहिती. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेनं आयआरसी 67 या पाट्यांच्या नियमावलीत किती सोपं करून ठेवलंय! पण ताशी 40 नं जाणारी गाडी सेकंदाला 11 मीटर पुढं जाते. तेवढ्यात माणसानं पाट्या वाचाव्या, अंगावर येणारी रिक्षा बघावी, की मधेच ठाण मांडलेली गाय चुकवावी?

आणि ते ‘काम चालू, रस्ता बंद’? काम कधीच उरकलं, रस्ता गाड्यांनी धो धो वाहतोय, पाटी काही हलत नाही. नवी ठोकायला निधी बरोबर सापडतो. जुनी काढायला कुणाकडं साधा पाना नाही?