घरगुती ओपन सोर्स माइनरबद्दल फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. थोडक्यात सांगायचं तर त्याचं म्हणणं असं आहे: वागळे इस्टेट, ऐरोली, कोपरखैरणे भागात काही गट 'स्वतःचा बिटकॉइन माइनर बनवा' म्हणून तरुण मुलांना गोळा करत आहेत (माइनर म्हणजे बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद पक्की करायला सतत आकडेमोड करणारं आणि बदल्यात नवे बिटकॉइन मिळवू पाहणारं यंत्र; त्या कामाला माइनिंग म्हणतात). माइनिंग भारतात बेकायदा आहे. यंत्र घरी लावलं की विजेचं बिल हजारोंनी वाढतं, वायरिंग जळतं. चिप चिनी कंपनीची असताना त्याला ओपन सोर्स म्हणणं ही धूळफेक आहे. यातून रुपयाही सुटत नाही, म्हणजे हा फसवणुकीचाच धंदा आहे. तयार यंत्र बाजारात मिळत असताना पोरांना सोल्डरिंगला बसवण्यात काय अर्थ आहे? आणि शेवटी इशारा: हे गट आगाऊ पैसे गोळा करतात.

मी अशाच एका गटात काम करतो. मेसेज पुढे पाठवणारे बहुतेक जण आई-वडील आहेत, आणि क्रिप्टोच्या नावाखाली आजवर जी लूट झाली ती पाहता त्यांची काळजी रास्त आहे. एक मुद्दा तर मला पूर्ण मान्य आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. पण बाकीच्या गोष्टी तपासून न पाहता लिहिल्यात आणि त्यामुळे शिकणाऱ्या मुलांची घरोघरी अडवणूक होतेय, म्हणून हे उत्तर.

आधी आम्ही नेमकं काय बनवतो ते सांगतो. बिटॲक्स नावाचा एक छोटा बोर्ड आहे, तळहातावर मावेल एवढा. त्यावर माइनिंगची एकच चिप असते, तिला चालवायला ईएसपी३२-एस३ हा मायक्रोकंट्रोलर, चिपला १.१ ते १.२ व्होल्टच्या आसपास वीज देणारा रेग्युलेटर, वर हीटसिंक आणि पंखा. बोर्ड घरच्या वायफायला जोडला की ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडतं आणि तापमान, व्होल्टेज, हॅशरेट (आकडेमोडीचा वेग) सगळं समोर दिसतं. सर्किटचा आराखडा, बोर्डाची मांडणी आणि फर्मवेअर (बोर्ड चालवणारा प्रोग्राम) सगळ्यांसाठी खुलं आहे, म्हणून त्याला ओपन सोर्स म्हणतात. जगभरातल्या हौशी लोकांनी ते मिळून उभं केलंय आणि आम्ही त्यातलेच ठाण्याकडचे काही जण.

आता 'बेकायदा' हा मुद्दा. भारतात माइनिंगवर बंदी घालणारा कायदा नाही. रिझर्व्ह बँकेनं ६ एप्रिल २०१८ ला परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टो व्यवहारांना सेवा द्यायला मनाई केली होती. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० ला रद्द केलं. लोकांच्या डोक्यात अजून मधल्या दोन वर्षांच्या बातम्या आहेत. बिटकॉइन हे आपल्याकडे कायदेशीर चलन नाही, पण ते बाळगणं किंवा त्यासाठी यंत्र चालवणं हा गुन्हा नाही. कर मात्र कडक आहे: १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के, त्याच वर्षी १ जुलैपासून विक्री व्यवहारावर १ टक्का टीडीएस, आणि तोटा दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा होत नाही. माइनिंगच्या यंत्रांवर केलेला खर्च खरेदीची किंमत म्हणून धरता येणार नाही, हेही अर्थ मंत्रालयानं २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केलंय. नवीन माणूस आला की आम्ही हे आधी सांगतो, सोल्डरिंग आयर्न हातात द्यायच्या आधी.

विजेचा मुद्दा दोन अगदी वेगळ्या यंत्रांची गल्लत केल्यामुळे आलाय. मेसेजसोबत जो फोटो आहे तो कारखान्यात वापरायच्या मोठ्या यंत्राचा आहे. त्या वर्गातलं अँटमायनर एस२१ सुमारे ३,५०० वॅट खातं. म्हणजे दिवसाला ८४ युनिट, महिन्याला अडीच हजार युनिट. त्याचा आवाज ७५ डेसिबलच्या घरात जातो. ते चोवीस तास फ्लॅटमध्ये चालवणं चुकीचंच आहे, कारण घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर सतत १५ अँपिअर भार ठेवणं धोक्याचं असतं. असं यंत्र कुणी सोसायटीत लावलं तर सेक्रेटरीनं जरूर हरकत घ्यावी, मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन.

आमचा बोर्ड साधारण १८ वॅट घेतो. जुन्या छताच्या पंख्याला ७५ वॅट लागतात, त्याच्या पाव भागाएवढं. महिनाभर अखंड चालवला तर १३ युनिट, ॲडॅप्टरमधली गळती धरली तर १५. ठाणे आणि नवी मुंबईत महावितरणचे दर टप्प्याटप्प्यानं चढतात, त्यामुळे ज्यांचा महिन्याचा वापर आधीच ३०० युनिटच्या काठावर आहे त्यांना हे १५ युनिट वरच्या दरानं पडतील. तरीही आकडा हजारांत जात नाही.

खरा धोका ॲडॅप्टरचा आहे आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही. बोर्डाला ५ व्होल्टवर साडेतीन अँपिअरहून जास्त करंट लागतो. घरात पडलेला २ अँपिअरचा चार्जर लावला तर तो तापतो, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतो. त्याहून वाईट म्हणजे सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर. पिन तीच बसते, पण एक चिपचा बोर्ड तिथल्या तिथे मरतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक बोर्डाच्या जॅकशेजारी मार्करनं ५ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि ॲडॅप्टर आम्ही लोड लावून तपासल्याशिवाय देत नाही.

आता चिपचा मुद्दा, कारण मेसेजमधला हाच सगळ्यात वजनदार आहे. चिप बिटमेन या चिनी कंपनीची आहे हे खरं आहे. ही कंपनी सुट्या चिपा उघडपणे विकत नाही आणि त्यांची डेटाशीटही (चिप कशी चालवायची याचं माहितीपत्रक) प्रसिद्ध करत नाही. सुरुवातीच्या लोकांनी याच कंपनीच्या जुन्या अँटमायनर यंत्रांच्या बोर्डांवरून चिपा हॉट एअरनं उतरवल्या, तारांवरचे सिग्नल वाचले, कुठला आदेश दिल्यावर चिप काय उत्तर देते ते एकेक करून शोधलं आणि त्यावरून फर्मवेअर लिहिलं. आधी अँटमायनर एस१७ मधली बीएम१३९७, मग एस१९ एक्सपीची बीएम१३६६, एस२१ ची बीएम१३६८, आणि आता एस२१ प्रोची बीएम१३७०. दर वेळी हे कोडं नव्यानं सोडवावं लागलं.

म्हणजे चिपचं पोट बंद आहे, बाकी सगळं खुलं आहे. 'मग बाकीचं खुलं असून काय उपयोग?' याचं उत्तर २०१७ मध्ये मिळालंय. त्या वर्षी एप्रिलमध्ये उघड झालं की अँटमायनरच्या फर्मवेअरमध्ये एक कोड आहे, जो दर काही मिनिटांनी कंपनीच्या सर्व्हरला यंत्राची ओळख कळवतो आणि तिकडून 'नाही' आलं तर यंत्र माइनिंग थांबवतं. अँटब्लीड या नावानं हे प्रकरण गाजलं. कंपनीनं खुलासा केला की चोरीला गेलेलं यंत्र मालकाला लांबून बंद करता यावं म्हणून ती अर्धवट राहिलेली सोय होती, आणि नंतर ती काढून टाकली. हेतू काहीही असो, तुमच्या घरातलं, तुमच्या पैशाचं यंत्र दुसऱ्याच्या हातून बंद होऊ शकत होतं आणि मालकाला त्याचा पत्ता नव्हता. ते सापडलं कारण कुणीतरी कोड वाचला. आमच्या बोर्डावर काय चालतं ते ओळ न् ओळ वाचता येतं, बदलता येतं, आपल्या हातानं पुन्हा बोर्डात भरता येतं. बोर्ड कुठल्या सर्व्हरशी बोलतो ते तुम्ही ठरवता.

बिटकॉइनच्या जगात हे आजचं नाही. २०११ मध्येच एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं रचता येणारी चिप) वापरून बनवलेला खुला माइनर लोकांना उपलब्ध झाला होता. २०१३ मध्ये खास याच कामाच्या चिपा बाजारात आल्या आणि खेळ मूठभर कंपन्यांच्या हातात गेला. इंटेलनं २०२२ मध्ये ब्लॉकस्केल नावाची चिप आणली तेव्हा आशा वाटली होती, पण वर्षभरातच त्यांनी ती बंद केली. २५६ फाउंडेशन ही संस्था आता एम्बर वन हा अनेक चिपांचा खुला हॅशबोर्ड (माइनिंगच्या चिपा बसवलेला बोर्ड) तयार करतेय. चिपही खुली हवी, ही आमची मागणी मेसेज लिहिणाऱ्याहून जुनी आहे. पण ती मिळेपर्यंत बाकीचा बोर्डही बंदच ठेवावा, हे काही पटण्यासारखं नाही.

पैशाचा मुद्दा मी वर म्हटलं तसा मान्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. हिशेब असा. बोर्डाचा वेग सेकंदाला सुमारे १.२ टेराहॅश, म्हणजे १.२ लाख कोटी प्रयत्न. सगळ्या जगाचा मिळून वेग १,००० एक्साहॅश धरू (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश). दर दहा मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा, निघतो आणि एप्रिल २०२४ पासून त्याचं बक्षीस ३.१२५ बिटकॉइन आहे. एका ब्लॉकवर आपला बोर्ड जिंकण्याची शक्यता ८३ कोटींत एक. अखंड चालवला तर सरासरीनं १६ हजार वर्षांत एकदा. पूलमध्ये, म्हणजे एकत्र माइनिंग करून बक्षीस वाटून घेणाऱ्यांत, सामील होऊन वाटा घेतला तर वर्षाला ०.०००२ बिटकॉइनच्या आसपास हाती येतं, त्यातलं बरंचसं विजेत जातं आणि बोर्डाची किंमत निघत नाही.

२०२४ च्या जुलैमध्ये अशा छोट्या यंत्रांच्या सुमारे ३ टेराहॅशच्या मांडणीला अख्खा ब्लॉक लागल्याची बातमी जगभर फिरली. तीच बातमी दाखवून कुणी तुमच्या मुलाला 'नशीब काढ' म्हणत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. आमच्या गटात कमाईच्या आशेनं कुणी आला तर आम्ही हाच हिशेब त्याच्याच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवतो. काही जण तिथूनच परत जातात, आणि ते योग्यच आहे. पण कमाईचं आश्वासनच दिलेलं नसताना ती होत नाही म्हणून फसवणूक कशी ठरते? कॅरमच्या बोर्डावर किंवा गिर्यारोहणाच्या दोरावर कुणी परताव्याचा हिशेब मागत नाही.

'तयार मिळतं तर सोल्डरिंग कशाला?' किमतीचं खरं आहे. दर टेराहॅशमागे पाहिलं तर कारखान्यातलं यंत्र कितीतरी स्वस्त पडतं. पण रविवारी वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात जे चालतं ते एकदा येऊन पाहा. स्टेन्सिल, म्हणजे चिप जोडायच्या जागी (पॅडवर) भोकं असलेला पातळ पत्रा, बोर्डावर सरळ बसवून सोल्डर पेस्ट एका हातानं ओढायची. पेस्ट जास्त झाली की चिपखालचे पॅड एकमेकांना चिकटतात, कमी झाली की मधला मोठा पॅड पोकळ राहतो आणि उष्णता खाली उतरत नाही. चिप ठेवून बोर्ड हॉट प्लेटवर. पेस्ट वितळली की चिप आपोआप जागेवर सरकते, तो क्षण डोळ्यांनी पकडावा लागतो. थंड झाल्यावर लगेच वीज द्यायची नाही. आधी मल्टिमीटरनं चिपच्या सप्लाय लाइनचा ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजायचा, आणि नुसत्या बीपवर विसंबायचं नाही, आकडा वाचायचा, कारण अशा चिपांचा रेझिस्टन्स मुळातच कमी असतो आणि शॉर्ट नसतानाही मीटर वाजू शकतं. मग पाच व्होल्ट, मग लॅपटॉपवर लॉग, म्हणजे बोर्ड काय करतोय त्याची नोंद. चिप सापडली का, हे त्या लॉगच्या एका ओळीत येतं.

ती ओळ आली नाही की खरं शिक्षण सुरू होतं. क्लॉक पोचतोय का, रिसेट लाइन वर जातेय का, रेग्युलेटर किती व्होल्ट देतोय. आयटीआय आणि डिप्लोमाची मुलं हे प्रश्न एकमेकांना विचारत बसतात. महापे-रबाळेच्या औद्योगिक पट्ट्यात बोर्ड दुरुस्त करू शकणाऱ्या, बोर्ड तपासू शकणाऱ्या माणसांची गरज असते, आणि खऱ्या बोर्डावर चूक करायची संधी वर्गात क्वचितच मिळते. इथे बिघडलेली चिप उतरवून दुसरी लावता येते, कारण आराखडा समोर आहे. बंद यंत्रात बोर्ड गेला की फेकायचा.

राहिला मेसेजमधला शेवटचा इशारा: हे गट आगाऊ पैसे गोळा करतात. हा इशारा मी स्वतः देईन. अमेरिकेतल्या बटरफ्लाय लॅब्ज या कंपनीनं २०१२ पासून माइनरसाठी आगाऊ पैसे घेतले, यंत्रं वेळेवर दिली नाहीत, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं तिला कोर्टात खेचलं. यंत्र खुलं आहे म्हणून विकणाराही प्रामाणिक असतोच असं नाही. आमच्याकडे सुटे भाग एकत्र मागवतो तेव्हा बिल सगळ्यांना दिसतं, ज्याचा त्यानं आपल्या बोर्डापुरता वाटा द्यायचा, वर काही नाही, आणि दुसऱ्याला आणलं म्हणून कुणाला पैसे मिळत नाहीत. जो गट बिल दाखवत नाही, माणसं जोडायचं कमिशन देतो किंवा महिन्याचा परतावा सांगतो, त्याच्याकडे मुलाला पाठवू नका.

ज्या सोसायटीच्या कमिटीला वायरिंगची शंका आहे त्यांनी कळवावं. आम्ही चालता बोर्ड घेऊन सोसायटीच्या ऑफिसात येऊ आणि तुमच्याच इलेक्ट्रिशियनच्या मीटरवर, त्याच्या हातानं, किती वॅट जातात ते मोजून घेऊ.