म्हणे अडॅप्टर प्लेट लावली की झालं!

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मामा, इंजिन भेटलं, स्विफ्टचं डिझेल, ठोकलेल्या गाडीतलं आहे, उद्या नागपूरच्या वाडीला जाऊन टोकन देऊन राहिलो." मारुतीची जुनी पेट्रोल जिप्सी घेतली तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण हे काहून सुचलं म्हटलं तर त्यानं एक मेसेज पुढे ढकलला. हाच मेसेज मला दोन महिन्यांत चार जणांनी पाठवला होता, मी गप्प बसलो होतो. आता घरातच आला म्हणून लिहून राहिलो.

मेसेज थोडक्यात असा: जिप्सीत स्विफ्टचं १.३ डिझेल टाका, अडॅप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी मधली जाड प्लेट) लावली की काम झालं. क्लच जिप्सीचाच ठेवा, दाते जुळतात. पायलट बेअरिंग नसलं तरी चालते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याला) हात लावायची गरज नाही. पॉवर वाढते. आरटीओत फक्त एक अर्ज टाकायचा.

पॉवरचं आधी उडवून टाकतो. जिप्सीचं नंतरचं पेट्रोल इंजिन ८० बीएचपी, हे डिझेल ७५ पीएस (पीएस आणि बीएचपी जवळपास सारखंच). वाढलं काय? वाढतो तो टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, १०३ न्यूटन मीटरचा १९० होतो, आणि तोही ४५०० ऐवजी २००० आरपीएमलाच. गाडी खालच्या आरपीएमला मस्त ओढते, मायलेजही सुधारतं, एवढं कबूल. पण बाकी सगळी भानगड याच १९० पासून सुरू होते.

आता क्लच. "दाते जुळतात" हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं आयुष्यात क्लच प्लेट हातात घेतली असेल तर ती पंख्यासारखा वारा घ्यायलाच घेतली असेल. दाते जुळणार नाहीत तर काय, जिप्सीची प्लेट जिप्सीच्याच इनपुट शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्यावर, चढून राहिली! दात्यांचं नातं गिअरबॉक्सशी. प्लेटची साइज आणि तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट यांचं नातं फ्लायव्हीलशी (इंजिनाच्या मागच्या जड चकतीशी), म्हणजे इंजिनाशी. पेडल दाबलं की क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग तर दोघांच्या मध्ये लटकलेलं, सरकते गिअरबॉक्सच्या नळीवर आणि दाबते प्रेशर प्लेटच्या बोटांना. त्या बोटांची उंची बदलली की पेडल एक तर अर्ध्यातच सोडते नाहीतर सोडतच नाही. आणि पकड किती हे ठरते प्रेशर प्लेटच्या दाबावर आणि प्लेटच्या व्यासावर, दात्यांवर नाही. १०३ साठी बनवलेल्या क्लचमध्ये कंपनी थोडी जास्तीची पकड ठेवते, पण जवळजवळ दुपटीची नाही. सपाट वर्धा रोडवर काही कळणार नाही, चार माणसं बसवून रामटेकच्या गडाचा चढ घ्या, आरपीएम वर जाईल आणि गाडी जागेवर, मग जळका वास.

बरोबर रस्ता म्हणजे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट डिझेलची, प्लेटही त्याच साइजची, फक्त मधलं हब जिप्सीच्या दात्यांचं. क्लच प्लेट रिबिट करणारे हे काम करून देतात. हब करताना मधल्या स्प्रिंगा काढू नका, डिझेलचे झटके त्याच खातात.

पायलट बेअरिंगचं तर मला खरंच हसू आलं. इनपुट शाफ्टचं एक टोक गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि दुसरं क्रँकमध्ये (इंजिनाच्या मुख्य दांड्यात) पायलट बेअरिंगवर टेकलेलं असते. स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांच्या बहुतेक इंजिनांत क्रँकला ती जागाच नसते, कारण त्यांच्या गिअरबॉक्सला तिची गरज नसते. म्हणून या पठ्ठ्यानं ठरवलं की जिप्सीलाही गरज नाही! टेका नसला की शाफ्टचं टोक लोंबते, क्लच दाबला तरी प्लेट घासत राहते, रिव्हर्स टाकताना खर्रर्र, मग गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग ढिलं, मग सीलमधून ऑइल थेट क्लच प्लेटवर. त्यात अडॅप्टर प्लेट २० मिलिमीटर जाड असेल तर शाफ्ट क्रँकपासून तेवढाच मागे जाते, हे कुणी मोजलं काय? आणि सेंटर? क्रँकला डायल गेज (बारीक फरक मोजायचं काट्याचं मीटर) लावून बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कव्हरच्या) भोकात फिरवला तर काटा पाव मिलिमीटरच्या आत हलला पाहिजे. माझ्या एका दोस्ताच्या जीपच्या अडॅप्टर प्लेटला गॅरेजवाल्यानं पुठ्ठ्यावर ग्रीसचा छाप घेऊन भोकं पाडली होती. सहा महिन्यांत दोन क्लच प्लेटा, दोन्हींची हबं फाटलेली.

ट्रान्सफरच्या बाबतीत मेसेज अर्धा खरा आहे, मन मारून सांगतो. जुन्या विलीज जीपसारखा जिप्सीचा ट्रान्सफर गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला नाही, वेगळा बसतो, मध्ये छोटा प्रोपेलर, म्हणजे ताकद नेणारा फिरता दांडा. त्यामुळे इंजिन-गिअरबॉक्स पुढेमागे झाले तर तो छोटा प्रोपेलर कमीजास्त करून भागते, ट्रान्सफर जागेवरच राहतो. पण "हात लावायची गरज नाही"? सर्विस मॅन्युअल उघडा. पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफरचा लो (अवघड रस्त्यासाठीचा हळू, जास्त जोराचा गिअर) २.२६८. पेट्रोलच्या १०३ ला गुणा, ट्रान्सफरच्या बाहेर ८५३ न्यूटन मीटर येतात. १९० ला गुणा, १५७४. तोच ट्रान्सफर, तेच रबरी माउंट, प्रोपेलरच्या सांध्यांचे तेच क्रॉस. लोमध्ये दगडात चाक अडकवून पूर्ण रेस दिली तर आधी काय तुटते ते बघायला मला बोलवा. निदान माउंट आणि क्रॉस नवे टाका आणि लोमध्ये पाय हलका ठेवा.

आरटीओचं दोन ओळींत. पेट्रोलची डिझेल करणं म्हणजे आरसीवरचं इंधनच बदलणं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ (गाडीतल्या बदलांविषयी) मध्ये येते, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनविरुद्धच्या बदलांबद्दल कडक निकाल दिलेला आहे. आधी परवानगी, मग पाना. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिले इंजिन नंबरच बघते.

तूर्तास टोकन थांबलं आहे. रविवारी आम्ही दोघं वाडीला जाऊन त्या इंजिनाचं फ्लायव्हील उतरवून बघणार आहोत, क्रँकच्या मागे पायलटला जागा आहे की नाही.