ऑक्टोबरच्या डोअर काउंटी सहलीला मिळालेल्या दोन-स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, त्यावर वाद घालत नाही, स्टार तुमचे आहेत. पण उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येणार म्हणून सहल शोधणारी मंडळी हे वाचून ठरवतात, तेव्हा उत्तर इथेच, सगळ्यांसमोर देतो.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी: सहल विस्कॉन्सिनच्या डोअर काउंटीची, म्हणजे लेक मिशिगनमध्ये शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या दांड्याची. तक्रारी थोडक्यात: वॉशिंग्टन आयलंडची बोट आयत्या वेळी रद्द केली. मिलवॉकीच्या आर्ट म्युझियमच्या छपरावरचे उघडमिट होणारे पंख मिटलेले होते. फिश बॉइलला, म्हणजे अंगणात मासे उकडण्याच्या कार्यक्रमाला, शाकाहारी माणसाने काय करायचं? हॉटेलच्या छपरावर बकऱ्या नव्हत्या. ज्येष्ठांसाठी काहीच नव्हतं. नुसतं पाणीच बघायचं तर नायगारा बरा, नाहीतर आपलं कोकण. आणि तेवढ्याच पैशात दुसरे टूरवाले मिशिगन राज्यातलं मॅकिनॅक आयलंडसुद्धा दाखवतात, म्हणून अर्धे पैसे परत हवेत.

बोटीपासून सुरुवात करतो, कारण खरा राग तिथलाच दिसतोय. बोट रद्द झाली नव्हती. बोट चालू होती, त्या शनिवारी लोक बेटावर गेले आणि परतही आले. आपलं जाणं रद्द केलं ते मी. नॉर्थपोर्टच्या धक्क्यावरून बेट अर्ध्या तासावर आहे. पण मधल्या पट्ट्यात एका बाजूने ग्रीन बे या आखाताचं पाणी येतं आणि दुसऱ्या बाजूने अख्खं लेक मिशिगन. त्या पट्ट्याचं नाव डेथ्स डोअर, काउंटीचं नावही तिथूनच आलंय, आणि त्याच्या तळाशी कितीतरी जुनी गलबतं पडलेली आहेत. आजच्या बोटीला तिथे धोका नाही. पोटाला आहे. ऑक्टोबरमध्ये तळ्याचं पाणी उन्हाळ्याचं ऊन धरून असतं आणि वरून उत्तरेची गार हवा उतरते, मग वारा जोर धरतो. मी धक्क्यावर उतरून पाहिलं तेव्हा समोरून आलेल्या बोटीवरच्या पहिल्या रांगेतल्या गाड्यांच्या काचांवरून पाणी निथळत होतं. आपल्या बसमधली निम्मी मंडळी सत्तरीच्या पुढची. एका काकांची बायपास झालेली. आणि गेलो असतो तर संध्याकाळी त्याच पाण्यातून परत यायचं होतं.

तुम्ही लिहिलंय, 'मतदान घ्यायला हवं होतं.' जेवायला कुठे थांबायचं यावर मी मतदान घेतो, वाऱ्यावर घेत नाही. बोटीचं भाडं सोमवारी सगळ्यांना परत केलं, तुम्हालाही मिळालंय. ते रिव्ह्यूमध्ये राहून गेलं असावं.

बेटावरचा स्कूलहाउस बीच हुकला याची हळहळ मात्र मला समजते. चुनखडीचे पांढरे, गोल, घासून गुळगुळीत झालेले दगड, वाळूचा कण नाही. (एकही दगड खिशात टाकायला परवानगी नाही, दंड होतो. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.)

बदल्यात केव्ह पॉइंटला गेलो. तुम्ही त्याला 'वेळ काढायला थांबवलं' असं म्हणता. शांत दिवशी आलात तर तिथे कातळ आणि हिरवंनिळं पाणी दिसतं, फोटो काढायचे आणि निघायचं. त्या दिवशी लाट कड्याखालच्या कपारीत शिरली की आधी पायांखाली धप्प असा आवाज जाणवायचा आणि मग फवारा वर यायचा. ज्या वाऱ्याने बेट हुकलं त्याच वाऱ्याने हे दाखवलं. तुमच्या बाबांनी तिथून हलायला नकार दिला होता आणि तुम्ही दोनदा हाक मारलीत, हेही मला आठवतंय.

आता नायगारा. ज्या कड्यावर आपण उभे होतो तो त्याच खडकाचा आहे. नायगारा एस्कार्पमेंट म्हणतात ती डोलोमाइटची (चुनखडीसारख्या खडकाची) कडा न्यूयॉर्ककडून कॅनडात शिरते, ह्यूरॉन तळ्याच्या वरून वळसा घेते आणि विस्कॉन्सिनमध्ये उतरते. डोअरचा सगळा दांडा तिच्यावरच उभा आहे. नायगाऱ्याला नदी तिच्यावरून खाली पडते, इथे तळं तिला खालून पोखरतं. हे मी बसमध्ये माइकवर सांगितलं होतं, पण तेव्हा मागे अंताक्षरी रंगात आली होती. कोकणाबद्दल मी काय बोलणार, मी रेवदंड्याचा. समुद्राला भरती-ओहोटी असते, खारा वास असतो, या पाण्याला दोन्ही नाही. क्षितिजापर्यंत गोडं पाणी ही गोष्ट मला अजूनही पचलेली नाही.

मिलवॉकीचे पंख. वास्तुकार कालात्रावाने बांधलेली ती इमारत २००१ साली उघडली. वरचे पंख पूर्ण पसरले की २१७ फूट भरतात, आणि दुपारी बारा वाजता मिटून पुन्हा उघडतात. रविवारी सकाळी तुम्हाला मुक्कामाच्या गावी, फिश क्रीकला, लवकर उठवलं ते याच बाराच्या वेळेसाठी. पण पंखांवर वारा मोजणारे सेन्सर बसवलेत आणि वारा ताशी २३ मैलांच्या वर गेला की ते आपोआप मिटतात. तिथे कुणाचा वशिला चालत नाही. शनिवारचा वारा रविवारीही होता. आत जाऊन चित्रं पाहिलीत, काचेतून तळं पाहिलंत, तेव्हा त्या तिकिटाचे पैसे परत करणार नाही.

बकऱ्यांचं एका ओळीत: सिस्टर बे गावातल्या अल जॉन्सन्स हॉटेलच्या गवती छपरावर त्या चांगल्या हवेतच चरतात, पाऊसवाऱ्यात त्यांना वर सोडत नाहीत. माझ्यापेक्षा त्यांची जास्त काळजी घेतली जाते.

फिश बॉइलचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुष्कळजण याच प्रश्नावर अडतात. अंगणात लाकडं पेटवून लोखंडी हंडा ठेवतात, त्यात भरपूर मिठाचं पाणी, बटाटे, कांदे, मग जाळीच्या टोपलीत व्हाइटफिशचे तुकडे. माशाची चरबी फेस होऊन वर आली की शेकोटीवर रॉकेल फेकतात. हंड्याच्या वर ज्वाळा उठते, पाणी उतू जातं, फेस घेऊन जातं आणि आगही विझवतं. हा तमाशा बघायला मासे खावे लागत नाहीत. शाकाहारी मंडळींनी तो बघितला आणि मुक्कामाच्या घरी येऊन मुगाची खिचडी, कढी, भाजलेले पापड खाल्ले. हे आधी पाठवलेल्या मेसेजमध्ये होतं. मासे 'बेचव' लागले हे कबूल, आपल्या जिभेला ते फिकेच लागणार. वितळलेलं लोणी सढळ हाताने घ्यायचं असतं. चेरी पायचा उशीर झाला तोही शाकाहारी लोकांसाठीच: काही ठिकाणी पायच्या कवचात डुकराची चरबी घालतात, म्हणून विचारल्याशिवाय आम्ही कुणाच्या ताटात वाढत नाही.

'ज्येष्ठांसाठी काहीच नव्हतं' हे वाक्य मात्र मला लागलं. पेनिन्सुला स्टेट पार्कमधला ईगल टॉवर तुम्हीच पाहिलात. जुना मनोरा पायऱ्यांचा होता, तो पाडला आणि २०२१ साली ६० फुटांचा नवा उघडला. त्याला झाडांमधून वर जाणारा ८५० फुटांचा उतार जोडलेला आहे. आपल्या गटातल्या एक आजी व्हीलचेअरवरून अगदी वरपर्यंत गेल्या. तिथून खाली लाल-पिवळं रान, हॉर्सशू आयलंड आणि पाण्याकाठी एफ्रेम गावाची पांढरी घरं दिसतात. डोअर काउंटी आम्ही निवडली त्यात या उताराचा वाटा मोठा आहे.

मॅकिनॅकबद्दल. दुसरे कोण काय दाखवतात त्यावर बोलणार नाही, फक्त नकाशा उघडा. शिकागोच्या उपनगरातून फिश क्रीक जवळजवळ अडीचशे मैल. तिथून मॅकिनॅकला सरळ रस्ता नाही, मध्ये पाणी आहे. खाली ग्रीन बे शहरापर्यंत यायचं, मग एस्कनाबावरून वळसा घालून बोटीच्या धक्क्याचं गाव सेंट इग्नेस. वाटेत घड्याळ एक तास पुढे जातं, कारण तिथे ईस्टर्न टाइम. म्हणजे दिवसाउजेडी पोचायला पहाटे निघा. पुढे बोट. बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. घोडागाडी, सायकल नाहीतर पाय. बेटाभोवतीचा रस्ता आठ मैलांचा. आणि परत शिकागोला मॅकिनॉ सिटीहून ३९० मैल. हे सगळं शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र यात बसवता येतं, मीही बसवू शकतो. आई-बाबांना बसच्या खिडकीतून अमेरिका दिसेल आणि बेटावर दोन तास फज (तिथली बर्फीसारखी मिठाई) खाता येईल. मॅकिनॅकची आमची सहल वेगळी आहे, तीन रात्रींची, जूनमध्ये. लहान मुलांच्या शाळा सुटलेल्या असतात आणि लायलॅक फुललेला असतो.

पैशांचं एवढंच: पानगळीच्या रंगांच्या शनिवारी डोअरमध्ये एका रात्रीसाठी खोली मिळणं मुश्किल, बऱ्याच ठिकाणी दोन रात्रींची अट असते आणि दर उन्हाळ्याइतकेच चढे. तुमच्या रकमेचा मोठा भाग तिथे गेला. म्हणून अर्धे पैसे परत देणं शक्य नाही.

रिव्ह्यू वाचून मला वाटतं, तुमच्या घरच्यांना शहर, दुकानं आणि कमी प्रवास हवा होता. मग पुढच्या वेळी आमच्याकडे येऊही नका, खरंच सांगतो. शिकागोच्या युनियन स्टेशनवरून हायवाथा ट्रेन पकडा, दीड तासात मिलवॉकी. चालायला जमत असेल तर मॅडिसन: शनिवारी सकाळी कॅपिटलच्या (राज्याच्या विधानभवनाच्या) चौकाभोवती शेतकऱ्यांचा बाजार भरतो, विकणारा तोच पिकवणारा. ताजे चीज कर्ड (ताज्या चीजचे तुकडे) घ्या, दाताखाली चरचर वाजतात. लेक जिनिव्हाला १५ जून ते १५ सप्टेंबर टपालाची बोट जाते. ती थांबत नाही, चालत्या बोटीतून पोरं-पोरी धक्क्यावर उडी मारतात, टपाल टाकतात आणि धावत परत बोट पकडतात. क्वचित एखादी पाण्यात पडते. बाबांना हे केव्ह पॉइंटइतकंच आवडेल.

आणि बेट बघायचंच असेल तर तुमच्या घरच्या सगळ्यांची नावं मेच्या शेवटच्या सहलीत धरतो. माणशी दर गेल्याच सहलीचा लावेन. जॅकेट तेव्हाही लागेल, तळं तेव्हा बर्फासारखं गार असतं आणि काठावरची हवाही. बोटीत चढायचं की नाही हे मात्र त्या सकाळी धक्क्यावर उतरूनच सांगेन.