बिनधास्त कापा, सिमेंटचाच तर पाइप आहे!

परवा दारासमोरच्या खड्ड्यात पाण्याच्या एसी (अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंट) पाइपची दुरुस्ती झाली आणि दुपारपर्यंत खिडकीच्या गजांवर राखाडी पीठ बसलं. ज्यांना हीच किमया साधायची आहे त्यांच्यासाठी या सूचना.

जुने नकाशे उघडू नका. लाइन कुठे एसीची आणि कुठे डीआयची (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट बिडाची), हे जेसीबीच्या दातांना आपोआप कळतं.

फुटलेला तुकडा तपासू नका. त्याच्या कापावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं की शाबूत सिमेंट गुलाबी होतं आणि पाण्याने चुना खाल्लेला भाग बिनरंगी राहतो. किती जाडी उरलीय हे आधीच कळलं, तर पुढच्या फुटीत गंमत काय उरली?

कापायला ग्राइंडरच घ्या, तोही कोरडा. पाणी मारलं तर धूळ उडणार नाही, मग काम चाललंय हे लोकांना कळणार कसं? साखळीचा कटरही मिळतो म्हणे. पाइपाभोवती आवळला की पाइप कडकन तुटतो, धूळ नावाला. पण त्याला आवाज नाही, ठिणगी नाही, रुबाब नाही. पाइपात साधारण १० ते १५ टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असतं. सिमेंटमध्ये जखडलेलं आहे तोवर ते जमिनीत गुमान पडून असतं. तुम्ही चकती लावून त्याचे तंतू मोकळे करता. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू तासन्‌तास हवेत तरंगतात, फुफ्फुसात रुततात आणि कर्करोग उगवतो २०-४० वर्षांनी. तोवर बिल पास, फाइल बंद, साहेब निवृत्त! आणि पाइप धरून बसलेल्या पोराच्या तोंडाला काय, तर रुमाल. रुमाल!

शेवटी कोरडा झाडू मारा, तुकडे भरावात ढकला.

पुरे झाला उपरोध. लाज वाटू द्या जरा. आधी लाइनचा दाब उतरवा, पाइप भिजवा, कापताना पाण्याची धार चालूच ठेवा. माणसाला तोंडावर घट्ट बसणारा पी३ (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा मास्क आणि टाकून देण्याजोगा अंगरखा द्या. तुकडे ओले असतानाच २०० मायक्रॉनच्या पॉलिथिनमध्ये दुहेरी गुंडाळा, वर ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ लिहा आणि घातक कचऱ्याच्या जागीच पाठवा, राडारोड्यात नाही. बंद केलेली लाइन उगाच उकरू नका, नकाशावर नोंदवून तशीच राहू द्या. आणि त्या पोराला धुळीने माखलेल्या कपड्यांत घरी धाडू नका. असे कपडे धुऊन धुऊन कामगारांच्या बायकांनाही हा कर्करोग झालेला आहे. एवढंही टेंडरात लिहून द्यावं लागतं का तुम्हाला?