‘घरात बसून रेल्वे कळत नसते, काका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या रविवारी व्हिक्टोरियन काळातल्या रेल्वेवर बेतलेल्या रहस्यकथांविषयी इथे लिहिलं होतं. त्यावर ‘एक वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो. नाहीतर सोयीचं तेवढं उचललं म्हणाल.

“लेख वाचला. मुल्लरच्या फाशीचं साल १८६५ दिलंय, ते १८६४ आहे. बंद डब्यामुळे रेल्वेची रहस्यकथा जन्मली हे पटलं नाही. तार आणि वेळापत्रक नसतं तर या कथा उभ्याच राहिल्या नसत्या. लेखात बाई एकही नाही, थर्ड क्लासचा प्रवासी एकही नाही. मुल्लरवर एवढं लिहिण्याआधी जरा अभ्यास हवा होता. घरात बसून गुगलच्या भरवशावर रेल्वे कळत नसते, काका.”

प्रिय वाचक,

प्रतिक्रियेबद्दल आभार. सालाची चूक माझीच. लंडनच्या गाडीत खून करणाऱ्या म्युलरला फाशी झाली ती १४ नोव्हेंबर १८६४ ला, लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर, भर गर्दीसमोर. टाइप करताना बोट घसरलं असं म्हणणार होतो, पण वही काढून पाहिली तर तिथेही १८६५ च लिहिलेलं. लेखात दुरुस्त केलंय. एका आकड्यासाठी ‘अभ्यास हवा होता’ हे जरा जास्त झालं, पण ते असो.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण प्रतिक्रियेचा सगळा जोर तिथेच आहे.

आधी ‘काका’. मी एकोणसाठचा आहे. सोसायटीतली पोरं काका म्हणतात, भाजीवाला म्हणतो, परवा बँकेतल्या शिपायानेही म्हटलं. मला काही वाटत नाही. पण वाक्य संपल्यावर स्वल्पविराम देऊन शेपटीला जोडलेला काका नात्यातला नसतो. तो माणसाला ‘बाजूला व्हा’ म्हणण्यासाठी असतो. तुम्ही लेखावर बोला, हवं तेवढं बोला. माझ्या वयाने तुमचं काय बिघडवलंय?

आणि ‘घरात बसून’. हो, बसतो घरात. लंडनला मी गेलेलो नाही, हे कधी लपवलेलंही नाही. पण माझं घर कुठलं, हे तुम्ही विचारलं नाहीत. मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. बाबा मालगाडीवर गार्ड होते. रात्री दोनला ड्यूटीचं बोलावणं घेऊन कॉलबॉय दार वाजवायचा, वहीत सही घ्यायचा, आई डबा भरायची आणि बाबांची काळी पत्र्याची पेटी यार्डाकडे निघायची. त्या पेटीत काय असायचं ते आजही डोळे मिटून सांगतो : लाल आणि हिरवा झेंडा, हातदिवा, शिट्टी, कार्बन घातलेली वही, आणि फटाके. दिवाळीचे नव्हेत. रुळावर बांधायचे, चाक वरून गेलं की धडाम वाजणारे. मागून येणाऱ्या ड्रायव्हरला ‘पुढे काहीतरी आहे’ हे सांगायची ती युक्ती इंग्लंडात १८४१ मध्ये निघाली. व्हिक्टोरिया राणी गादीवर येऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. ती माझ्या घरात पलंगाखाली पडलेली असायची. आता बोला.

मी नऊ वर्षांचा असताना बाबांनी मला एकदा ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे मालगाडीच्या शेवटच्या गार्डच्या डब्यातून, भुसावळहून चाळीसगावला नेलं. नियमात बसत नव्हतं. बाबा आता नाहीत आणि ते इंजिनही कधीच भंगारात गेलं असेल, म्हणून सांगतो. पाचोऱ्याच्या अलीकडे गाडी उभी राहिली. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी इंजिनची शिटी नाही. पुढे पन्नासेक वॅगन, त्यांच्या पलीकडे ड्रायव्हर. वॉकीटॉकी नव्हती. बाबांनी ब्रेकच्या व्हॅक्यूमच्या काट्याकडे पाहिलं, फटाक्यांचा डबा काढला, लाल दिवा उचलला आणि म्हणाले, “दार लावून बस. मी आल्याशिवाय उतरायचं नाही.” आणि गाडीच्या मागच्या अंगाला रुळांवरून चालत गेले. सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. दिवा बारीक होत होत ठिपका झाला आणि वळणाआड गेला. मी त्या लाकडी बाकावर हँडब्रेकचं चाक धरून बसलो होतो. ओरडलो असतो तर ऐकायला पन्नास वॅगनमधला कोळसा.

बाबांची मालगाडी म्हणजे लंडनची पॅसेंजर नव्हे, हे सांगायला येऊ नका, मला कळतं. पण इंग्लंडातल्या स्टेपलहर्स्टचा रेल्वे अपघात मी वाचतो तेव्हा मला काय दिसतं? ९ जून १८६५. पुलावरचे रूळ कामासाठी काढलेले. लाल निशाणवाल्याने हजार यार्डांवर उभं राहायचं, तो उभा होता ५५४ यार्डांवर. गाडी थांबली नाही, दहा माणसं गेली. गाडीत कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होते, ते वाचले. तुम्हाला या गोष्टीत कदाचित डिकन्स दिसत असतील. मला ते उरलेले यार्ड दिसतात आणि त्या यार्डांवर बाबा चालताना दिसतात. हे गुगलच्या कितव्या पानावर येतं, तेवढं कळवा. (त्या अपघाताचं मूळ कारण मुकादमाने गाडीची वेळ चुकीची वाचली हे होतं. हो, वेळापत्रक. दिसलं मला.)

तुमच्या मूळ आक्षेपालाही उत्तर देतो, नाहीतर टाळलं म्हणाल.

त्या काळचा इंग्लंडातला डबा म्हणजे एकाला एक चिकटवलेल्या घोडागाड्या. प्रत्येक खणाला दोन्ही बाजूंनी बाहेर उघडणारी दारं, मधून जायला वाट नाही. आतून जाता येईल अशी कॉरिडॉरची अख्खी गाडी लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनाहून पहिल्यांदा सुटली ती १८९२ मध्ये. तोवर एकदा शिटी झाली की पुढच्या स्टेशनापर्यंत समोर बसलेला माणूस आणि तुम्ही. ९ जुलै १८६४ च्या शनिवारी रात्री लंडनच्या फेनचर्च स्ट्रीट स्टेशनाहून निघालेल्या गाडीत टॉमस ब्रिग्ज पहिल्या वर्गाच्या अशाच एका खणात बसले. वय ६९, लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या बँकेत मुख्य कारकून. (मीही तेहतीस वर्षं बँकेत काढली. संबंध नाही, पण आठवतं.) पुढे हॅकनी स्टेशनात त्यांच्याच बँकेतले दोन कारकून योगायोगाने त्याच खणात चढले. एकाने बाकावर हात टेकला, तो रक्ताने भरला. आत एक काठी, एक बॅग आणि एक टोपी. ब्रिग्ज मागे रुळांवर पडले होते. टोपी मात्र त्यांची नव्हती. दोन स्टेशनांमधल्या काही मिनिटांत हे सगळं उरकलं होतं आणि गाडीतल्या कोणालाही काही करता आलं नव्हतं. भीती त्या काही मिनिटांची आहे. रहस्यकथा तिथून उगवते, छापील तक्त्यातून नव्हे.

तारेचं म्हणाल, तर ब्रिग्जचा खून करणाऱ्या म्युलरला पकडण्यात तारेने नेमकं काय केलं? चीपसाइडच्या सराफाकडे बदललेली घड्याळाची साखळी, त्या सराफाच्या नावाची डबी ओळखणारा एक टांगेवाला आणि ती टोपी, एवढ्यावर पोलिस त्याच्यापर्यंत पोचले. तोवर तो शिडाच्या जहाजाने न्यूयॉर्कला निघालेला. अटलांटिकखालची १८५८ ची तार काही आठवड्यांत मुकी झाली होती आणि टिकाऊ तार पडली १८६६ मध्ये. म्हणून इन्स्पेक्टर टॅनर वाफेच्या बोटीने निघाले, म्युलरच्या आधी पोचले आणि बंदरावर वाट पाहत थांबले. तार नव्हती म्हणून ही गोष्ट झाली. अभ्यास हवा होता, असं मीही म्हणू शकतो. म्हणत नाही.

तारेने पकडलेला खुनी हवा असेल तर जॉन टॉवेल, १८४५. स्लाउहून पॅडिंग्टनला संदेश गेला. यंत्रात क्यू हे अक्षर नसल्याने त्याच्या वेशाचं वर्णन करणारा ‘क्वेकर’ (एक ख्रिस्ती पंथ) हा शब्द के ने सुरू करावा लागला. गोष्ट झकास आहे, मला आवडते. पण खून घरात झाला होता, गाडी फक्त पळण्यापुरती. तिला मी रेल्वेची रहस्यकथा म्हणणार नाही, तुम्ही खुशाल म्हणा.

बाई आणि थर्ड क्लास : लेख बाराशे शब्दांचा होता, जनगणना नव्हती. थर्डच्या बऱ्याच डब्यांत मधल्या भिंती अर्ध्याच असायच्या. सगळ्यांना सगळं दिसायचं, तिथे गुपचूप खून कोण करणार? बाईचं म्हणाल तर गाडीच्या खणात एकट्या मुलीवर हात टाकणाऱ्या कर्नल व्हॅलेंटाइन बेकरची १८७५ ची केस पहिल्या खर्ड्यात होती. त्याच्या तावडीतून सुटायला त्या मुलीने धावत्या गाडीचं दार उघडलं आणि ती बाहेरच्या फळीवर उभी राहिली. लांबी वाढली म्हणून मी तो परिच्छेद काढला. काढायला नको होता, हे आत्ता लिहिताना वाटतंय. पण ती बाहेर गेली ती आतून कुठे जायला वाट नव्हती म्हणून. म्हणजे पुन्हा माझा बंद डबाच.

१८६८ च्या कायद्याने गार्डला इशारा देणारी दोरी आली, ती डब्याच्या बाहेरून जायची, खिडकीतून हात काढून ओढावी लागे, हे सगळं सांगायचं राहिलं. पण तुम्ही ते विचारलेलं नाही, आणि आमच्या घरातले जेवायला हाका मारतायत.

पुढच्या वेळी नाव देऊन लिहा, उत्तर नक्की देईन. आणि तुमच्या प्रतिक्रियेतलं ‘मुल्लर’ दोन्ही ठिकाणी तसंच ठेवलंय. जर्मन नाव आहे, म्युलर.